मी बटण दाबलंच नव्हतं!

माझी बायको बॅडमिंटनची फायनल हरली, त्यात माझा काडीचाही दोष नव्हता.

हे मी घरात सांगितलं, दुकानात सांगितलं, सासुरवाडीला सांगितलं, आणि एकदा तर दातांच्या डॉक्टरकडे तोंडात अवजार असताना सांगितलं. कोणी ऐकूनच घेत नाही! म्हणून आता लिहून काढतो.

सेलूला आमचं भांड्यांचं दुकान आहे. मी आणि थोरले दादा मिळून ते चालवतो. आणि आमच्या बायका, म्हणजे माझी वंदना आणि मोठी वहिनी, मिळून बॅडमिंटन खेळतात. दोन जावा एकाच बाजूला उभ्या राहून तिसरीवरच तुटून पडतात, हे दृश्य आमच्या नातेवाइकांना अजून पचलेलं नाही. (आम्हा भावांना मात्र सोयीचं आहे. घरी येईपर्यंत भांडायची ताकदच उरलेली नसते.) तर चाळिशीपुढच्या बायकांच्या दुहेरीत या दोघी थेट फायनलला पोचल्या. सामना पिपरी मेघे गावातल्या एका हॉलमध्ये, समोर आर्वीची जोडी.

मला फोटोचा नाद. पण हॉलमधल्या खेळाचा फोटो काढून पाहा एकदा! उजेड असा मिणमिणता की खेळाडू हलला की पुसला गेलाच. सेमीफायनलचे माझे फोटो पाहून वंदना म्हणाली होती, "हे मी आहो का धुपाचा धूर?"

हे मनाला लागलं. मी दोन दणदणीत फ्लॅश आणले आणि त्यांचा रिमोट ट्रिगर. म्हणजे एक डबी कॅमेऱ्याच्या डोक्यावर, आणि एकेक डबी लांब ठेवलेल्या फ्लॅशच्या बुडाशी. इकडे कॅमेऱ्याचं बटण दाबलं की मध्ये वायर नसतानाही दोन्ही फ्लॅश लखकन उडतात. चाचणी मी दुकानातच घेतली. नव्या कोऱ्या स्टीलच्या पातेली-पराती-डब्यांनी भरलेल्या दुकानात! कुकर पाहत असलेल्या बाई "अवं माय!" करून खालीच बसल्या.

"बाबू, गिऱ्हाईक आंधळं करून राह्यला काय बे?" दादा ओरडले. आमच्या घरात कलेची कदर ही एवढी.

फायनलच्या दिवशी मी रीतसर परवानगी काढली. पंच म्हणून पीटीचे एक निवृत्त सर होते, गळ्यात शिट्टी आणि चेहऱ्यावर कायमचा संशय.

"खेळाडूच्या डोळ्यांत जाईन ना तो उजेड?"

"जातच नाही सर! फ्लॅशचं तोंड छताकडे ठेवतो. उजेड छताला लागून दुधासारखा खाली उतरतो. शिवाय फटका मारून झाल्यावरच मी बटण दाबीन. शब्द देतो."

सरांनी मान हलवली. मी गॅलरीच्या दोन्ही टोकांना कठड्याला फ्लॅश बांधले, तोंडं छताकडे, आणि खाली कोर्टाच्या कडेला उभा राहिलो. दादा शेजारी शेंगदाण्याचा पुडा घेऊन बसले.

पहिला गेम झकास झाला. मी फोटो काढतोय, या दोघी पॉइंट काढतायत. एकच गोष्ट जरा विचित्र. हॉलच्या भिंतीला लागूनच मंगल कार्यालय होतं, तिथे लग्न होतं. मी बटण दाबलं की भिंतीपलीकडे बँड सुरू व्हायचा! दोन सूर वाजून गप्प. मी परत दाबलं की परत ढँऽऽ, आणि परत गप्प. मला वाटलं, मंडळी नवशिकी असतील.

पहिला गेम आमचा झाला आणि दुसऱ्या गेमला आक्रीत घडलं. वंदना सर्व्हिस करणार, तेवढ्यात लखकन दोन्ही फ्लॅश उडाले. शटल जाळ्यात.

"अहो!" वंदना माझ्याकडे वळली.

"मी नाही दाबलं!"

"मंग फ्लॅश काय स्वतःच्या मनानं उडते?"

पुन्हा खेळ सुरू. वहिनी पुढे झेपावल्या. लखकन! वहिनी शटल सोडून हवेलाच रॅकेट मारून आल्या. पंच सरांनी शिट्टी फुंकली.

"शब्द देल्ला होता ना तुमी?"

"अहो सर, शपथ घेऊन सांगतो, मी बटणाला हातसुद्धा लावला नाही!"

"बाबू, खोटं कायले बोलतं? साऱ्याइनं पाह्यलं," हे दादा. सख्खा भाऊ! तोंडात शेंगदाणे!

मग मात्र माझं डोकं फिरलं. मी कॅमेरा खुर्चीवर ठेवला, कोर्टाच्या मधोमध जाऊन उभा राहिलो आणि पोलिसांना शरण जावं तसे दोन्ही हात वर केले. "बघा! सगळ्यांनी बघा! माझ्या हातात काय आहे?"

लखकन!

सगळा हॉल छताकडे बघायला लागला. म्हटलं, सुटलो. तर पंच सर माझ्या पायांकडे बघत म्हणाले, "बूट काढा."

मी, सेलूच्या बाजारपेठेतला इज्जतदार व्यापारी, भर कोर्टात बूट काढून उभा! एका मोज्याला भोक होतं, तेही साऱ्यांनी पाहिलं. आर्वीच्या बायका पदराआड हसत होत्या. (पदर नव्हते, टी-शर्ट होते. पण हसणं पदराआडचंच होतं.)

तेवढ्यात दार ढकलून, गळ्यात कॅमेरा लटकवलेला एक तरुण घामाघूम आत शिरला. लग्नातला फोटोग्राफर.

"इथं ट्रिगर कोन वापरून राह्यलं जी?"

"मी. का?"

"तुमी बटन दाबता अन् माहे फ्लॅश उडते! बँडवाल्याले मी सांगून ठेवलं होतं, हार पडले का फ्लॅश उडन, तवा वाजवजो. हार अजून पेटीत, अन् बँड कितीदा वाजून गेला! काय बिघडलं म्हनून मी बटन दाबदाबून पाहून राह्यलो! नवरदेवाचा मामा माह्या मानगुटीवर बसला ना!"

तेव्हा उलगडलं. दोघांचे ट्रिगर एकाच कंपनीचे, दोघांचेही कारखान्यातून आले तसे एक नंबरच्या चॅनलवर. भिंत त्यांच्या खिजगणतीत नाही. माझ्या बटणाने त्याचे फ्लॅश, त्याच्या बटणाने माझे!

"ऐकलं?" मी सगळ्या हॉलकडे वळून गरजलो. "ऐकलं का? मी निर्दोष आहे!"

"बूट घाला," पंच सर म्हणाले. माफी नाही, काही नाही!

या गोंधळात दुसरा गेम आर्वीने नेला. तिसऱ्याच्या आधी वंदना पाणी पिता पिता म्हणाली, "अहो, बंद करून टाका ना ते."

"अगं, आता दोष सापडला. चॅनल बदलतो, विषय संपला. जिंकल्याचा फोटो नको का तुला?"

मी मोठ्या मनाने एकचं दोन केलं. आणि भिंतीपलीकडे त्या सज्जन फोटोग्राफरनेही, वडीलधाऱ्या माणसाला कशाला त्रास द्यावा म्हणून, एकचं दोन केलं!

जिंकल्याच्या फोटोसाठी मी थांबून राहिलो, आणि तिसरा गेम एकोणतीस-एकोणतीस असा बरोबरीत आला. पंच सरांनी जाहीर केलं, आता जो पॉइंट घेईल तो जिंकला. आर्वीवाल्यांनी शटल उंच उडवलं. वंदना बरोबर त्याच्या खाली आली, मान वर, रॅकेट मागे. असा मोका आयुष्यात एकदा येतो! मी दिलेल्या शब्दाला जागून फटका होण्याची वाट बघत थांबलो.

लखकन! आणि भिंतीपलीकडे बँड दणाणला, या वेळी न थांबता. तिकडे हार पडले होते. इकडे शटल अलगद वंदनाच्या डोक्यावर पडलं.

"हा पॉइंट परत खेळवा!" मी धावलो. "हा अन्याय आहे!"

"फ्लॅश कोनाचे?" पंच सरांनी विचारलं.

"माझे."

"तुमी कोनाचे?"

"यांचा," मी वंदना-वहिनींकडे बोट दाखवलं.

"मंग आर्वीवाल्यांनी काऊन भोगावं?"

"बराबर आहे सर," दादा म्हणाले.

आम्ही गाडीने सेलूला परत निघालो. वाटेत वहिनींनीच विषय काढला. "भाऊजी, बॅडमिंटनमधी माणूस मान वर करूनच खेळते. तुमी नेमका छतालेच सूर्य टांगला!"  यावर बोलण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं. उदाहरणार्थ, त्या क्षणी वंदनावर इतका सुरेख उजेड पडला होता की आयुष्यातला सर्वोत्तम फोटो निघाला असता. पण मी बटण दाबलंच नव्हतं ना!

पुढच्या महिन्यात आर्वीच्या जोडीतल्या एका बाईंचा वंदनाला फोन आला. वंदनाने स्पीकरवर टाकला.

"ताई, आमच्याकडं स्पर्धा आहे, येजो बरं."

"पाहू," वंदना म्हणाली.

"तुमाले नाई जमलं तरी चालते जी. पन भाऊजींले नक्की धाडजो. अन् त्यांचे लाइट घेऊन!"

फोटोग्राफीसाठी मला परगावाहून आलेलं हे पहिलंच आमंत्रण. मी मागच्या खोलीतून ओरडून "हो" म्हणून टाकलं.