श्रावणातला रिपोर्ट

दीड महिना झाला. वहिनीचा फोन आला तेव्हा मी लातूरला माझ्या लॅबमध्ये उपाशीपोटी आलेल्या लोकांचं रक्त घेत होते. अण्णाच्या छातीत दुखलं, मुरुडहून त्याला घेऊन निघाले, पण तो पोचलाच नाही... रडता रडता वहिनी म्हणाली, "वन्सं, रिपोर्ट तर चांगला आल्ता की वो."

अण्णा माझा थोरला भाऊ. मुरुडला त्याचं फरसाणाचं दुकान. प्रत्येक घाण्यातली पहिली मूठ त्याच्याच तोंडात जायची. श्रावणात मात्र महादेवासाठी महिनाभर एकवेळ जेवण, तळण बंद, तूप बंद. आमचे वडील पन्नाशीतच हृदयविकाराने गेलेले, म्हणून डॉक्टरांनी त्याला दरवर्षी तपासणी लावून दिली होती. ती तो नेमकी श्रावण संपता संपता माझ्याच लॅबमध्ये करायचा. परीक्षेला अभ्यास करूनच बसावं, म्हणायचा. मीही हसायचे. महिनाभराच्या उपासाने रक्तातली चरबी थोडी उतरते, तेवढ्यावर आकडा जेमतेम रेषेखाली यायचा. उरलेले अकरा महिने त्या कागदावर येत नाहीत, हे मला चांगलं ठाऊक होतं.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर मी त्याला जबरदस्तीने तपासणीला बसवलं. वाईट कोलेस्टेरॉल इतकं वर निघालं की तपासणी पुन्हा लावली. तेच. अण्णाने कागद पाहिला, घडी घालून मला परत दिला.

"हे डॉक्टरला दावू नको. जल्मभराच्या गोळ्या लावतील. श्रावणात घिऊ की परत."

हे बरं नाही, असं मी म्हणाले. एकदाच. थोरल्या भावापुढे आमच्याकडे बायका एकदाच बोलतात... ही सबब आता मलाच पुरत नाही. डॉक्टर त्याला वडिलांचं विचारायचे, बीपी बघायचे, आणि कागदावरचा श्रावण बघून घरी पाठवायचे. मला अण्णाचा राग येतो. देवाला दिलेला महिना त्याने डॉक्टरला फसवायला वापरला, आणि मी त्याला हात धरून मदत केली.

भेटायला येणारे म्हणतात, माणूस किती नेमाचा होता. वहिनीने त्याचे सगळे रिपोर्ट देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात जपून ठेवलेत. प्रत्येकावर माझी सही आहे. दिवाळीचा तेवढा माझ्या टेबलाच्या खणात पडलाय, त्याने घातलेल्या घडीसकट. तो वहिनीला दाखवायची हिंमत अजून झालेली नाही. रविवारची पुरवणी ती न चुकता वाचते, म्हणून हे इथे लिहिलं.