पासपोर्टमधल्या अक्षता

मानपाड्याच्या पोरांनो, पोहोचलो रे गेटपर्यंत! मस्कतच्या विमानाला अजून वेळ आहे, म्हणून इथेच बसून लिहितोय.

पहिल्यांदा वर्क व्हिसावर जाणाऱ्यांना इमिग्रेशनला खोदून खोदून विचारतात, असं तुम्हीच घाबरवलेलं. त्यामुळे व्हिसा, काँट्रॅक्ट, आयटीआयचं सर्टिफिकेट, सगळं हातात धरूनच काउंटरवर गेलेलो.

मॅडमनी पासपोर्ट उघडला आणि आतून तांदूळ सांडले. थेट त्यांच्या कीबोर्डवर!

"हे काय?"

माझी तर तंतरली. "मॅडम, आईने सकाळी पासपोर्टची पूजा केली. अक्षता आहेत त्या."

मागची लाइन हसायला लागली. मॅडमचा चेहरा मात्र दगड. कंपनी कुठली, काम काय, राहणार कुठे, सगळं विचारलं, कागद उलटेपालटे केले आणि धाडकन शिक्का मारला.

मग कीबोर्डवरचे दाणे वेचले, उठल्या आणि चक्क माझ्या डोक्यावर टाकले. "जा. सुखरूप परत ये."

आईला लगेच फोन केला. म्हणते, "बघ! आणि तू नको नको म्हणत होतास."

दोन दाणे अजून केसांत अडकलेत. मस्कतपर्यंत टिकतील का रे?