आधी माती, मग अल्बम

आमच्या लॅबमध्ये मातीचे नमुने तीन महिने ठेवतात आणि मग फेकून देतात. किश्श्यांना असा काही नियम नाही, ते साठतच जातात. अकरा वर्षं मी परभणीच्या एका खासगी माती परीक्षण लॅबमध्ये काम करतोय. शेतकरी कॅरीबॅगेत किलोभर माती आणतो, आम्ही तिच्यातलं नत्र, स्फुरद, पालाश काढतो आणि कुठलं खत किती टाका त्याची शिफारस लिहून देतो. एवढंच काम. पण आमचे साहेब लोखंडे सर असल्यामुळे त्या एवढ्याशा कामात रॉक म्युझिक शिरलं.

सरांचा एक बँड आहे. म्हणजे सर वाजवत नाहीत, ऐकतात. जुना विलायती बँड, नाव लांबलचक. प्रत्येक कव्हरवर कुठे ना कुठे एक कंदील असतो, म्हणून आम्ही त्यांना कंदीलवाले म्हणतो. कंदीलवाल्यांचे अल्बम चौदा. चौदाही सरांकडे रेकॉर्डवर आहेत, शिकत असताना हैदराबादहून एकेक करून आणलेले. दर रविवारी सकाळी सरांच्या घरी बैठकीच्या खोलीत आमचं मंडळ भरतं: सर, मी, नमुन्यांच्या जीपवरचे शेखभाई आणि रिपोर्ट टाइप करणाऱ्या प्रतिभा मॅडम. लोखंडेकाकू चहा देतात आणि स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून घेतात.

मंडळाचा कायदा एकच. नवीन माणसाने पहिला अल्बम कुठला ऐकायचा हे त्याने ठरवायचं नाही, आम्ही ठरवायचं. कारण पहिला चुकला की माणूस कायमचा गेला. सर म्हणतात, "माती बघितल्याशिवाय शिफारस नाही." आणि नुसतं म्हणत नाहीत, लॅबच्या फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर रीतसर लिहून घेतात. वय काय, व्यवसाय काय, झोप कशी लागते, आजवर काय ऐकलं. मग खाली सही करून शिफारस.

हे सगळं आत्ता सांगायचं कारण, यंदा सर रिटायर झाले. संभाजीनगरला मुलाच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटवर राहायला जायचं ठरलं, आणि काकूंनी सांगून टाकलं की रेकॉर्ड वाजवायचं ते यंत्र आणि रेकॉर्डींची ती खोकी काही सोबत येणार नाहीत. सरांचा जीव त्या खोक्यांत. म्हणजे काकूंना कंदीलवाले आवडायला पाहिजेत, दुसरा इलाज नाही. इतक्या वर्षांत काकूंचा फॉर्म कधी कुणी भरलाच नव्हता. ती वेळ आमच्यावर आली. पण आधीच्या काही केसेस सांगतो, म्हणजे आमच्या शिफारशींचा दर्जा तुमच्या लक्षात येईल.

*

पहिली केस माझीच. इंटरव्ह्यूमध्ये सरांनी विचारलं, "काय ऐकतोस?"

मी म्हणालो, "सर, सगळंच."

सरांनी मान डोलावली आणि फॉर्मवर लिहिलं, 'पडीक'.

मला त्यांनी चौथा अल्बम दिला. चौथा हा सरांचा लाडका. दुसऱ्या दिवशी कसा वाटला म्हणून विचारलं. मी प्रोबेशनवर होतो, त्यामुळे फारच आवडला होता. खरं म्हणजे एक गाणं कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं हेसुद्धा मला कळलं नव्हतं. सहा महिने मी धडधडीत खोटं बोललो. मग एकदा नमुने आणायला वालूरला निघालो होतो. चौथ्यातली एक चाल तोंडात घोळवत घोळवत गाडी चालवत राहिलो आणि वालूर मागे टाकून चार किलोमीटर पुढे गेलो.

परत आल्यावर सरांना सगळं खरं सांगून टाकलं. सरांनी कपाटातून माझा फॉर्म काढला, 'पडीक' खोडलं आणि वर लिहिलं, 'लागवडीखाली'.

*

शेखभाईंच्या बाबतीत मात्र गफलत झाली, आणि ती शिफारस माझी होती. माणूस बोलायला एकदम शांत, म्हणून मी दुसरा अल्बम सुचवला. त्यात सगळी मंद गिटार. शेखभाईंनी तो पेनड्राइव्हवर घेतला, जीपमध्ये लावला आणि गंगाखेडला जाऊन आले.

आल्यावर अदबीनं म्हणाले, "साब, गाना अच्छा है. लेकिन सुनते सुनते गाडीच सो जारी."

मग सरांनी सातवा दिला. सातव्यात एक बारा मिनिटांचा नुसता ड्रमचा तुकडा आहे. त्या दिवशी शेखभाई गंगाखेडहून इतक्या लवकर परत आले, की सरांना वाटलं गेलेच नाहीत. मागच्या सीटवरच्या मातीच्या चाळीस पिशव्या एकमेकींत मिसळल्या होत्या. चाळीस शेतकऱ्यांची ती एकत्र माती, मी सांगतो, फार सुपीक निघाली असती!

सातव्याला लॅबच्या गाडीत बंदी आली. पण शेखभाईंना कंदीलवाले लागले ते लागलेच. आता ते अंतर किलोमीटरमध्ये सांगत नाहीत. गंगाखेड किती लांब विचारलं तर म्हणतात, रेकॉर्डच्या दोन बाजू, रस्ता खराब असला तर अडीच.

*

प्रतिभा मॅडम आमच्यातल्या बंडखोर. त्यांना कुठलाच अल्बम पूर्ण ऐकायचा नसतो. चौदा अल्बममधली निवडक गाणी एकत्र करून कंपनीने एक संग्रह काढलाय, मॅडम तोच फोनवर लावून टायपिंग करतात. नवीन माणूस आला की त्यांचं मत ठरलेलं: संग्रह द्या, मोकळे व्हा.

सर एकदा भडकले. म्हणाले, "संग्रह म्हणजे मिश्र खत. पीक आलं तरी कशानं आलं ते कळत नाही."

मॅडम टायपिंग न थांबवता म्हणाल्या, "पीक येतंय ना सर?"

पुढच्या रविवारी भर मैफलीत लाइट गेली. रेकॉर्ड फिरता फिरता मंदावली, गायकाचा आवाज घोगरा होत होत बंद पडला. मॅडमनी शांतपणे फोन काढून टेबलावर ठेवला आणि संग्रह लावला. सर तासभर खिडकीबाहेर बघत बसले, आपण ऐकत नाही आहोत हे दिसावं म्हणून. लाइट आली तेव्हा मी रेकॉर्ड लावायला उठलो, तर सर म्हणाले, "थांब. हे गाणं होऊ दे."

*

खत कंपनीचा एक प्रतिनिधी होता. सरांची आवड त्याने बाहेरच्या चहावाल्याकडून काढून घेतली आणि आत येऊन बसल्या बसल्या जाहीर केलं की मीही कंदीलवाल्यांचा भक्त आहे. सरांनी विचारलं, सुरुवात कुठल्या अल्बमपासून केली? तो म्हणाला, पहिल्यापासून.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. कंदीलवाल्यांचा पहिला अल्बम आमच्यात कुणी कुणाला देत नाही. इतका कच्चा आहे की सर त्याला रोपवाटिका म्हणतात.

तो पुढे म्हणाला, "आणि त्यातली ती बाई काय गायलीय, सर!"

कंदीलवाल्यांत बाई नाही. चौघंही दाढीवाले. शेखभाई तोंडावर रुमाल धरून बाहेर पळाले. सरांनी त्याला चहा पाजला आणि आज जरा काम आहे म्हणून वाटेला लावलं.

पण रविवारी सरांना राहवेना. बऱ्याच वर्षांनी त्यांनी पहिला अल्बम बाहेर काढला. शेवटून दुसरं गाणं सुरू झालं आणि त्यात बाई गायला लागली. कव्हरच्या मागे बारीक अक्षरात तिचं नावही होतं. म्हणजे पहिला अल्बम शेवटपर्यंत मन लावून ऐकलेला परभणी जिल्ह्यातला तो एकटा माणूस, आणि त्याला आम्ही हाकललं होतं!

सोमवारी सरांनी फोन करून माफी मागितली आणि पुढच्या रविवारी घरी या म्हणाले. तो म्हणाला, "नको सर. पुढचे तेरा मला नाही आवडले."

*

आता माझ्या हातून झालेला घोटाळा. पतसंस्थेतला सोनवणे नावाचा एक क्लार्क मंडळात नवीन येणार होता. त्याच दिवशी वालूरच्या बापूराव नावाच्या शेतकऱ्याचा रिपोर्ट तयार झाला. दोन्ही शिफारशी एकाच तऱ्हेच्या फॉर्मवर, दोन्हींवर सरांची सही. मी दोन पाकिटं भरली आणि अदलाबदल केली.

चार दिवसांनी सोनवणेचा फोन आला. म्हणाला, "सर, जिप्सम कुठंच सापडेना. सगळीकडं शोधलं. लय जुना हाय का?"

जिप्सम म्हणजे खारवट जमिनीत टाकायची भुकटी, बापूरावांच्या रिपोर्टमधली. मग बापूरावांच्या पाकिटात काय गेलं ते मला आठवलं: 'चौथ्यापासून सुरुवात करावी. आठ दिवसांनी सातव्याकडे जावे. पहिल्या तिन्हींकडे घाईने वळू नये.'

मी आणि शेखभाई तसेच वालूरला निघालो, पण बापूराव पाहुण्यांकडे गेले होते. महिन्याने ते आपणहून लॅबमध्ये आले. मी सरांच्या मागे उभा राहिलो.

बापूराव म्हणाले, "सायेब, तुमी लिवलं तसंच केलं. चौथ्या वावरापासनं सुरू केलं. पयली तीन तशीच ठिवली. पर मला वावरं हायेत पाच. सातवं कुठून आणू? मग मेव्हण्याची दोन मिळवून सात केली."

सरांनी घसा साफ करून विचारलं, "पीक कसं आहे?"

"लय भारी हाय. खत कोणतं ते तुमी लिवलं न्हवतं, म्हणून आपलं शेणखतच टाकलं."

सरांनी त्यांना खरं काय ते समजावून सांगितलं, माफी मागितली, जिप्समचा कागद हातात दिला. बापूरावांनी दोन्ही कागद घडी करून खिशात घातले. पुढच्या आठवड्यात वालूरचे चार जण मातीच्या पिशव्या घेऊन आले आणि विचारायला लागले, आमचं कितव्यापासनं सुरू करायचं?

*

तर काकू.

हैदराबादचा एक जण सोमवारी रेकॉर्डी विकत घ्यायच्या म्हणून बघायला येणार होता. सरांनीच बोलावलं होतं. त्याबद्दल बोलताना ते असं बोलायचे, की जसं काही घरातलं जुनं कपाट काढून टाकायचंय. पण शनिवारी दुपारी सर लॅबमध्ये आले आणि माझ्याकडे एक फॉर्म मागितला. म्हणाले, एकदा रीतसर करून बघू.

आम्ही तिघं त्यांच्याभोवती उभे राहिलो. सरांनी वय लिहिलं. व्यवसाय, घरकाम. झोप, बरी. 'आजवर काय ऐकलं' इथे पेन थांबला.

सर म्हणाले, भजनं ऐकत असेल. मग म्हणाले, नाही, भजनाला ती जात नाही. मग त्यांना आठवलं की पूर्वी घरात एक रेडिओ होता, पण त्यावर काय लागायचं ते आठवेना. तो रकाना रिकामाच राहिला. मला फार वाईट वाटलं. हजारो शेतकऱ्यांची माती ह्या माणसाने बोटांनी चुरून बघितली होती.

शेखभाई हळूच म्हणाले, "साब, तुमने तो नमुनाच नै लिया."

सर रागावले नाहीत. नुसतं हो म्हणाले.

मग मतदान. अकरा वर्षांत पहिल्यांदाच कुणी आपलं घोडं पुढे दामटलं नाही. सरांनी स्वतःहून चौथा मागे घेतला, शेखभाईंनी सातव्याचं नाव काढलं नाही, मॅडमसुद्धा संग्रहाबद्दल गप्प बसल्या. शेवटी नववा ठरला. मवाळ, सोसवेल असा, आमच्यातल्या एकाचाही लाडका नसलेला.

रविवारी चहा देऊन काकू आत निघाल्या, तेव्हा सर म्हणाले, "जरा बस ना. एकच बाजू."

काकूंनी आम्हा चौघांकडे बघितलं. आम्ही मुलगी बघायला आल्यासारखे ओळीत बसलो होतो. आत जाऊन मेथीची जुडी आणि एक कागद घेऊन आल्या आणि दाराजवळच्या खुर्चीवर निवडत बसल्या.

सरांनी रेकॉर्ड दोनदा पुसली आणि सुई ठेवली. नववा सुरू झाला. काकू पानं खुडत होत्या. आम्ही कंदीलवाल्यांना सोडून काकूंच्या चेहऱ्याकडे बघत होतो आणि त्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. मेथी निवडताना माणसाचा जसा असतो तसा चेहरा. दुसरं गाणं झालं, तिसरं झालं. पाचव्याला सरांनी डोळे मिटून घेतले.

बाजू संपली. सुई शेवटच्या रेघेत खरखरत राहिली. कुणी उठेना.

काकूंनी काड्या कागदात गोळा केल्या, पदराला हात पुसले आणि उठल्या. मला वाटलं, चालल्या आत. त्या यंत्रापाशी गेल्या. सुईची दांडी उचलून जागेवर ठेवली. दोन्ही तळव्यांत रेकॉर्ड कडेनं धरून उलटी केली. मग जराशा वाकल्या आणि पहिलं गाणं सोडून सुई नेमकी दुसऱ्याच्या सुरुवातीला टेकवली.

सर म्हणाले, "अगं, पहिलं राहिलं."

"राहू द्या हो," काकू परत मेथी घेऊन बसत म्हणाल्या. "ते मला कधीच आवडलं नाही."