कानाच्या मशीनची डबी

कोंढ्याला माझ्या चुलत सासऱ्यांच्या नातवाचं बारसं होतं. तुमसरहून आम्ही चौघं निघणार होतो: मी, हे, आमची कॉलेजातली मुलगी आणि सासरे. मुक्काम दोन रात्रींचा, पण ह्यांची तयारी बघून वाटावं, कोंढ्यात वीज अजून पोचायची आहे.

तीन मोबाइल, तीन चार्जर, दोन पॉवर बँक, टॅब, ब्लूटूथ स्पीकर, ह्यांचं दाढीचं ट्रिमर, डास मारायची चार्जिंगची रॅकेट आणि दहा हात लांब वायरचं एक्स्टेन्शन बोर्ड. ह्यांनी मोबाइलमध्ये यादी केली होती. एकेक वस्तू पिशवीत टाकून टिक करत होते.

"आता एकही गोष्ट राहणार नाही," गाडीत बसताना ते म्हणाले.

राहिली ती मामाजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, कानातल्या मशीनची डबी. मशीन त्या डबीत ठेवल्याशिवाय चार्ज होत नाही. यादीत ती नव्हतीच. म्हाताऱ्या माणसाच्या वस्तूला आमच्या घरात गॅजेट म्हणत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन बंद पडलं. ह्यांनी पिशवी पालथी केली, सगळ्या वायरी लावून पाहिल्या. एकही पिन बसेना.

मामाजी नि माझे ते चुलत सासरे, काकाजी, सख्खे भाऊ, पण धानाच्या बांधीचा, म्हणजे दोघांच्या शेतांमधला, धुरा कुणी कोरला यावरून अकरा वर्षं बोलणं बंद होतं. बारशाचं बोलावणंसुद्धा काकाजींच्या सुनेनं परस्पर केलं होतं.

दुपारी जेवणं झाल्यावर मी चहा घेऊन ओसरीत गेले. काकाजी खुर्ची ओढून मामाजींच्या पुढ्यात बसले होते.

"दादा, आज मले बोलू दे. अकरा वर्षं पोटात ठेवून राहिलो मी. धुरा तू कोरला, अन् गावात चोर मले ठरवलं. घरवालीच्या आजारपणात तू एक डाव नाही आला. ती विचारत होती, भाऊजी काहून नाही आले?"

मामाजी त्यांच्या तोंडाकडे एकटक बघत होते. "हो बाबू," ते म्हणाले. "बरोबर आहे तुयं."

काकाजींनी खुर्ची आणखी जवळ ओढली. पुन्हा सुरू झाले. अर्धा तास बोलले. प्रत्येक आरोपाला मामाजींनी मान डोलवली. शेवटी काकाजी रडायलाच लागले. मामाजींनी त्यांचा हात धरला.

सांगावं का, की मामाजींना काहीच ऐकू येत नाही? मी तोंड उघडलंसुद्धा. पण काकाजी माझ्याकडे वळून म्हणाले, "सूनबाई, दादानं आज सारं आयकून घेतलं." मी चहाचे कप पुढे केले.

परतताना अड्याळच्या पुढं मी मामाजींच्या कानाशी ओरडले, "काकाजी काय बोलले, आयकू आलं काय?"

"नाही वं. पण तो रडून राहिला होता ना. लहानपणी रडे तवाही मी असाच हो हो म्हणो. मंग चूप बसे."

हे गाडी चालवत होते. मुलगी खिडकीकडे तोंड करून हसत होती की काय, मला दिसलं नाही.

त्या रविवारी काकाजींचा फोन आला. मशीन आता पूर्ण चार्ज होतं. मामाजींना शब्दन् शब्द ऐकू आला, धुऱ्याचासुद्धा.

"मी कोरला? मी? नाल्याकडून कोन कोरत आला, सांगू काय?"

झालं, म्हटलं मी. तिकडूनही आवाज चढला. दोघं भांडभांड भांडले, आणि फोन कुणी ठेवला ते मला कळलं नाही. आता आणखी अकरा वर्षं, असं धरून मी स्वयंपाकाला लागले.

पुढच्या रविवारी सकाळी मामाजी मोबाइल घेऊन माझ्याकडे आले. "लावून दे कोंढ्याले," म्हणाले. "त्यानं मागच्या वेळी बोलणं अर्धंच सोडलं."