बाईंचा उजवा खांदा

बाईंची गाडी लांबूनच ओळखू यायची. मागे माणसांना झोपवायचं घडीचं टेबल आणि त्याला टेकून खोगीर. सकाळी लोकांच्या घरी जाऊन त्या मालिश करायच्या, दुपारी तबेल्यातल्या घोड्यांची, आणि संध्याकाळी मैदानावर आमच्यासारख्यांना घोड्यावर बसायला शिकवायच्या. आमच्यासारख्या म्हणजे चाळिशी उलटल्यावर हुक्की आलेल्या.

दिवसभर माणसं आणि घोडी हाताखालून गेल्यावर कधीतरी गल्लत होणारच. एका निवृत्त न्यायाधीशांच्या मांडीवर थाप मारून बाई म्हणाल्या होत्या, "चल, पाय दे." साहेबांनी निमूट पाय दिला, वर "शाब्बास"ही मिळवली. हे मला सांगताना बाईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. माझी मात्र हसून पुरेवाट झाली.

त्यांच्या घरी एकच खुर्ची होती. नवरा कधीच वारला होता, बहीण दूर परगावी. दुसरी खुर्ची का नाही, म्हणून मी विचारलं, तर म्हणाल्या, "बसणार कोण?" मी समोर उभी असताना! मला असा राग आला म्हणता.

घोड्यावर बसण्याआधी त्याची मान चोळायचीच, हा बाईंचा नियम. आयाळ संपते तिथे, मानेच्या बुडाशी चोळलं की घोडं सुखावतं आणि शेजारच्या घोड्याचं अंग ओठांनी खाजवू लागतं. शेजारी घोडं नसेल तर माणसाचं. तेवढं बाईंना अजिबात खपायचं नाही. "तोंड ढकल बाजूला. आज ओठ लावलेत, उद्या दात लावेल." त्यांची स्वतःची म्हातारी करडी घोडी तर इतकी शिस्तीची, की मान चोळताना बिचारी नुसती हवेतच ओठ हलवायची.

यंदा बाईंचा उजवा खांदा धरला. हात वरच जाईना. डॉक्टर म्हणाले, रोज कुणाकडून तरी चोळून घ्या, नाहीतर हात असाच राहील. हात गेला की काम गेलं, आणि काम गेलं की घोडीला पोसायचं कशावर? त्यांना हे कळत नव्हतं थोडंच.

"मी येते ना रोज," मी म्हटलं. "तुम्ही सांगा, मी चोळते."

"नको. मला सवय नाही."

"कशाची?"

"चोळून घ्यायची."

सगळ्यांची अंगं मोकळी करत हिंडायचं आणि स्वतःला कुणाचं बोट लागू द्यायचं नाही. हट्टीपणाला काही सीमा?

परवा शिकवणी संपल्यावर मी खोगीर ठेवायला तबेल्यात गेले. बाई डाव्या हाताने घोडीची मान चोळत होत्या. घोडीचे ओठ सवयीने हवेत हलत होते. मग तिने मान वळवली आणि ओठ बाईंच्या दुखऱ्या खांद्यावर टेकवले. बाईंनी तिला ढकलायला उजवा हात उचलला, तो वर जाईना. डावा धडधाकट होता, पण तो त्यांनी घोडीच्या मानेवरून काढला नाही. घोडी सावकाश खांदा चोळत राहिली. बाई रडत होत्या.

मला पाहून त्यांनी डोळेही पुसले नाहीत. "तू मात्र तोंड लावू द्यायचं नाहीस हं."

"आणि तुम्ही?"

"मला कुणी हात लावून किती वर्षं झाली, कल्पना आहे तुला?"

मी खोगीर खाली ठेवलं, बाह्या वर सारल्या आणि जाऊन त्यांच्या मागे उभी राहिले. त्यांनीच शिकवलं होतं तसा मानेच्या बुडाशी हात ठेवला. बाईंचं अंग एकदम ताठ झालं. आता हात झटकणार, असं मला वाटलं. घोडी तिच्या बाजूने चोळतच होती, म्हणून मीही थांबले नाही.

बऱ्याच वेळाने बाई म्हणाल्या, "थोडं खाली."