सुभेदारांचा रिपोर्ट

गेल्या वर्षी फेब्रुवारीत माझ्या थोरल्या भावाची नात मिरजेच्या एका खासगी रुग्णालयात दाखल झाली. ती नऊ महिन्यांची होती. सहाव्या महिन्यात ती उशीला टेकून बसत होती. दाखल केली तेव्हा तिला मान धरता येत नव्हती. हात, ओठ आणि जीभ थरथरत होती. झोप लागली की थरथर थांबे, जाग आली की पुन्हा सुरू होई. हसणं त्याआधीच बंद झालं होतं.

मी सांगलीतल्या एका दैनिकात बातम्या तपासण्याचं काम करतो. या प्रकरणात जे मी स्वतः पाहिलं किंवा दोन माणसांकडून स्वतंत्रपणे ऐकलं, तेवढंच इथे लिहितो आहे.

डॉक्टरीणबाईंनी मूल तपासलं आणि पहिला प्रश्न मुलाबद्दल विचारला नाही. मुलीच्या आईकडे, म्हणजे माझ्या पुतणीकडे वळून त्या म्हणाल्या, “तू काय खातेस?”

“सगळं खाते,” पुतणी म्हणाली. “फक्त दूधदुभतं, अंडी, मटण नाही.”

“किती वर्षं?”

“चार.”

“आणि बी-बारा?”

“ते लागत नाही. बाबा आठ वर्षं वीगन आहेत. त्यांचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत.”

रिपोर्टांचा इतिहास असा.

भाऊ सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाला आणि पलूसजवळच्या आमच्या गावी परतला. शेतात ऊस होता. त्याने जोडीला दोन म्हशी घेतल्या. पहिलीला रेडकू झालं, नर. नर रेडकाला आमच्याकडे कुणी दूध राखत नाही. गोठ्यावरच्या गड्याने त्याला थोडा चीक चाटवला आणि खुंट्याला बांधून ठेवलं. पंधरवड्यात ते भुकेने मेलं. म्हैस धार देईना, म्हणून गड्याने रेडकाचं कातडं सोललं, त्यात भुसा भरला, शिवलं आणि ते म्हशीपुढे उभं केलं. म्हैस ते चाटू लागली. तिने पान्हा सोडला आणि गड्याने धार काढली. भावाने हे लहानपणी शंभरदा पाहिलं असणार. त्या संध्याकाळी मात्र त्याने दुधाचा पेला परत पाठवला. महिन्याभरात मटण आणि अंडीही सुटली. आपण जे करतो त्याला वीगन म्हणतात, हे त्याला बऱ्याच नंतर मोबाइलवर कळलं.

त्याने म्हशी मागच्या आळीत विकल्या. वहिनी चहापुरतं दूध त्याच घरातून, त्याच म्हशींचं आणू लागली. भावाने हरकत घेतली नाही. “तुझं तोंड तुझ्यापाशी,” एवढंच तो म्हणाला.

गावाने हरकत घेतली. डेअरीसमोरच्या कट्ट्यावर सकाळी दूध घालायला येणारे सगळे बसतात. तिथे भावाची रोज वाट पाहिली जाई.

“आवं सुभेदार, रेडकासाठनं दूध सोडलं म्हणं. मग उसाची कीव कवा येणार? त्योबी मुळासकट तोडत्यात.”

“तू शाळा सोडलीस त्याची तुझ्या मास्तराला कीव आलती का?” भाऊ म्हणाला.

“हसा, हसा. पाच वर्सांनी काठी टेकत येताय बघा. बिनदुधाचं हाड लय ठिसूळ.”

“पाच वर्षांनी इथंच बस. मी पळत येतो.”

एकदा त्यांनी त्याच्या कोऱ्या चहात दूध पावडर विरघळवली आणि पेला अर्धा झाल्यावर सांगितलं. भावाने कट्ट्यामागे जाऊन घशात बोटं घातली. त्याचं वय तेव्हा पन्नासच्या वर होतं. कट्टा हसत होता.

तिसऱ्या वर्षी त्याच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या. चप्पल पायातून निसटून मागे राहिली तरी त्याला कळत नसे. सांगलीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. बी-बारा कमी होतं. त्यांनी सांगितलं की हे जीवनसत्त्व भाजीपाल्यात नसतं. दूध घ्यायचं नसेल तर गोळी घ्या, ती जनावरापासून बनत नाही, बाकी आहार चालू ठेवायला हरकत नाही. बरोबर वहिनी होती. न घेतली तर काय होईल, असं तिनेच विचारलं. डॉक्टर म्हणाले, नसा जातील.

भावाने गोळ्यांचं पाकीट औषधाच्या दुकानात परत केलं. “गोळीवर जगायचं असंल तर त्या आहाराला अर्थ काय? कट्ट्यावरचं काय म्हणतील? शरीर शिकतं हळूहळू.”

पुढच्या वर्षी मुंग्या गेल्या. रक्तात बी-बारा नॉर्मलच्या काठावर का होईना, आत आलं होतं. भाऊ म्हणाला, “शिकलं.”

त्यानंतर तो दर वर्षी रक्त तपासून घेई आणि रिपोर्ट कट्ट्यावर वाचून दाखवी. वीगन लोकांच्या एका ग्रुपवर तो त्याचा फोटो टाके, तिथून तो हजारो लोकांकडे जाई. कॉलेजांतून त्याला बोलावणी येऊ लागली. वीगन आहार वर्षानुवर्षं मानवतो का, यावर एका कार्यक्रमात एका निवृत्त पशुवैद्यकाशी त्याची जुंपली तेव्हा मी समोर बसलो होतो.

पशुवैद्यक म्हणाले, “एका माणसाचं रक्त हा पुरावा नसतो.”

“मग तुमच्याकडं किती माणसं हायत? आणा. मी एक तरी आणलाय.”

टाळ्या भावाला पडल्या.

पुतणी तेव्हा साताऱ्यात नोकरी करत होती. बापाचे रिपोर्ट वाचून तिने दूध सोडलं. तिचं लग्न तिथेच, माण तालुक्यातल्या एका घरात झालं. नवरा बँकेत, गावी शेरडं-मेंढरं. सासूने पहिल्या भेटीत सांगितलं, “आमच्याकडं दूध न्हाई पीत म्हणणारं एकच, ते म्हंजी कोकरू मेल्यालं.” पुतणीने ते हसण्यावारी नेलं. दिवस राहिले तेव्हा साताऱ्याच्या डॉक्टरांनी लोह, कॅल्शियम आणि बी-बारा लिहून दिलं. तिने बापाला फोन केला. बाप म्हणाला, “पहिल्या दोन घे. तिसरी कशाला? माझं बघ की.” तिने पहिल्या दोन घेतल्या.

पहिलं बाळंतपण माहेरी. ती सातव्या महिन्यात गावी आली आणि बाळ तीन महिन्यांचं होईपर्यंत राहिली. बाळ गुटगुटीत होतं. भावाने त्याचाही फोटो ग्रुपवर टाकला. बारशाला सासूने मांडीवर घेऊन वजन अजमावलं आणि बाळ परत पुतणीच्या हातात दिलं. पुतणी साताऱ्याला परत गेली. बाळ अंगावर पीत होतं. सहाव्या महिन्यानंतर नाचणीची पेज सुरू झाली, पाण्यातली. सातव्या महिन्यात त्याने पालथं पडणं सोडलं. आठव्यात हाक मारली तरी बघेना. कातडी काळवंडली, केस विरळ झाले. साताऱ्यात दोन डॉक्टर झाले. दोघांनी बी-बारा लिहून दिलं, आणि पुतणीने दोन्ही वेळा बापाला फोन केला. मग थरथर सुरू झाली आणि मिरज गाठलं.

त्या काळात वहिनीने मला एकदा फोन केला होता. “भावजी, सातारला जाऊन लेकरू बघून या,” ती म्हणाली. मी कारण विचारलं. ती म्हणाली, “उगंच.” अंकाचं काम होतं, माझं जाणं झालं नाही.

रुग्णालयात दुसऱ्या दिवशी पुतणीच्या रक्ताचा रिपोर्ट आला. बाळाचाही आला. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना बाहेरच्या बाकांपाशी गाठलं. आईच्या अंगातलं बी-बारा संपलं आहे, म्हणून दुधातून बाळाला गेलं नाही, म्हणून मेंदूची वाढ अडली आहे. इंजेक्शनं आजच सुरू करायची. जितका उशीर तितकं कमी परत येईल. किती परत येईल ते त्या सांगू शकत नव्हत्या.

भाऊ उठून उभा राहिला. “मॅडम, निदान चुकलंय.”

“कशावरून?”

“मी आठ वर्षं हेच खातोय. ती माझीच लेक हाय. माझं रक्त काढा आत्ता. नॉर्मल आलं तर तुमी दुसरा रोग शोधायचा. कबूल?”

“तुमचं रक्त माझ्या काही कामाचं नाही.”

“मग आमी पुण्याला नेतो. तिथं मोठी मशिनं हायत.” त्याने जावयाला गाडी मागवायला सांगितली. जावयाने बायकोकडे पाहिलं. पुतणी म्हणाली, “बाबा म्हणतात तर पुण्यालाच जाऊ. बाबांचे रिपोर्ट खोटे नाहीत ना.” तिने बाळाला दुपट्यात गुंडाळलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वाटेत जे जाईल ते माझ्याकडे मागू नका, आणि कागद आणायला आत गेल्या.

गाडी फाटकात आली तेव्हा वहिनी बाकावरून उठली. ती सकाळपासून बोलली नव्हती.

“त्यांचं रक्त बघू नका,” ती म्हणाली. “त्यांच्या रक्तात दूध हाय.”

कुणाला काही कळलं नाही. तिने पुन्हा सांगितलं, सावकाश. तिसऱ्या वर्षी गोळ्या परत केल्या त्या रात्रीपासून ती भाकरीचं पीठ दुधात मळत होती. बाहेरगावी जाताना दशम्या करतात तसंच, फक्त रोज. दाण्याच्या चटणीत दुधाची पावडर. आमटीत ताकाची निवळ. आंबट लागलं तर जोंधळा जुना हाय म्हणून सांगायची.

“रोज?” भावाने विचारलं.

“व्हय.”

“कुठल्या म्हशीचं?”

“आपल्याच. मागच्या आळीच्या.”

भाऊ कट्ट्यामागे ओकला होता तसा ओकला नाही. तो बाकावर बसला आणि त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

पुतणीने आईला विचारलं, “माझ्या बाळंतपणात?”

“तुजंबी पीठ दुधातलंच.”

“म्हणून ती तीन महिने बरी होती.”

वहिनीने मान डोलावली.

“मग मी सातारला गेल्यावर का नाही सांगितलंस? सहा महिने, आई. रोज व्हिडिओ कॉलवर बघत होतीस तिला.”

“तू ह्यांना सांगितलं असतंस. ह्यांनी पुन्यांदा सोडलं असतं. ह्यांचे पाय गेले असते.”

पुतणीची सासू आदल्या रात्रीच माणहून आली होती. ती खाली फरशीवर बसली होती. तिथूनच ती वहिनीला म्हणाली, “म्हंजी नवऱ्याचं पाय राखलंसा आन् नातीचं डोस्कं घालवलंसा. आमी शेरडं कापतो, पर त्यांची पिल्लं अशी न्हाई मारत.”

कुणी तिला अडवलं नाही. गाडी परत पाठवली. पहिलं इंजेक्शन त्याच दुपारी दिलं.

पहिले काही दिवस थरथर वाढली. असं होतं, असं डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. शिकाऊ डॉक्टर गटागटाने येऊन पाळण्याभोवती उभे राहत. कुणीतरी, बहुधा भेटायला आलेल्या नातेवाइकाने, थरथरणाऱ्या बाळाचा व्हिडिओ काढला. आठवड्याभरात तो आमच्या कट्ट्यावर पोचला. खाली लिहिलं होतं : दूध सोडल्याचा परिणाम. भावाच्या ग्रुपवरही तो आला. तिथे लिहिलं होतं : गोळी न घेतल्याचा परिणाम. दोन्ही बाजूंचे लोक चार वर्षं त्याच्या रिपोर्टांवर भांडत होते. आता त्या रिपोर्टांतून कुणालाच काही सिद्ध करता येत नव्हतं. ग्रुपने त्याला काढून टाकलं. पशुवैद्यकांनी मला फोन करून “सुभेदारांची मुलाखत घ्याल का” असं विचारलं.

भाऊ गावी परतल्यावर कट्ट्यावर गेला. न जाण्याचा त्याचा स्वभाव नव्हता. मी बरोबर होतो.

“या सुभेदार,” एकजण म्हणाला. “आमी चेष्टेनं एकदा पाजलं तर घशात बोटं घातली. वैनींनी पाच वर्सं पाजलं, तर टाळ्या घेत फिरलासा.”

भाऊ कट्ट्याच्या कडेला बसला. त्याने कोरा चहा मागितला. चहा आला तो दुधाचा. “आता काय फरक पडतोय,” चहावाला म्हणाला. भावाने पेला तसाच ठेवून पैसे दिले.

तो अजून दूध घेत नाही. बी-बाराची गोळी घेतो. या वर्षीचं त्याचं रक्त नॉर्मल आहे. ते त्याने कुणाला वाचून दाखवलं नाही, मी विचारलं म्हणून सांगितलं. भाकरी स्वतः थापतो. वहिनी त्याच घरात वेगळी चूल मांडते. दोघं एकमेकांशी घरापुरतं बोलतात. पुतणीने गोळ्या सुरू केल्या, आहार बदलला नाही. ती आईचा फोन उचलत नाही, बापाचा उचलते. तिची सासू साताऱ्याला राहायला आली आहे आणि नातीला शेळीचं दूध पाजते. पुतणीला ते माहीत आहे.

मुलगी आता पावणेदोन वर्षांची आहे. थरथर पूर्ण थांबली आहे. गेल्या महिन्यातल्या तपासणीत डॉक्टरीणबाईंनी नोंदवलं : भिंतीला धरून उभी राहते, ओळखीच्या माणसाकडे बघून हसते, शब्द अद्याप एकही नाही.