तीस ठोक्यांचं घड्याळ

इचोड्याच्या दवाखान्यातल्या दत्तूकाका कंपाउंडरांना नमस्कार करायची सोय नव्हती. जोडलेले हात ते सोडवायचे, त्यातलं एक मनगट धरायचे आणि आपल्या घड्याळाची कळ दाबायचे. तीस ठोके मोजून होईपर्यंत ना स्वतः बोलायचे, ना समोरच्याला बोलू द्यायचे.

निजामशाही संपली तेव्हा हैदराबादला परत गेलेल्या एका डॉक्टरने ते घड्याळ त्यांना दिलं होतं. तबकडीच्या कडेने बारीक लाल आकडे होते. कळ दाबली की लांब काटा धावू लागे. तीस ठोके मोजून पुन्हा दाबली की थांबे, आणि काट्यासमोरचा आकडा म्हणजे मिनिटाची नाडी. गुणाकार नको, काही नको. "मोटारवाल्याच्या घड्याळावर पळायचे आकडे राह्यते, तोफवाल्याच्या घड्याळावर आवाज किती दुरून आला त्याचे," काका ऐटीत सांगायचे. "आपल्यावर माणसाचे हायेत."

मी तिथल्या मराठी शाळेत शिकवायची. परीक्षेच्या दिवशीच पोट दुखणारी माझी कितीतरी पोरं त्यांनी या घड्याळावर पकडून दिली. "तोंड लबाडी करते, बाई. नाडी नाई करत."

मग भाषेप्रमाणे राज्यं फुटली. आमचा तालुका तेलुगू मुलखात राहिला आणि मी मराठी, म्हणून माझं नाव मराठवाड्यात पाठवायच्या यादीत गेलं. लग्नाला आठ महिने झालेले, नवऱ्याचा कापूस जवळच्याच भीमपूरला उभा. एक तर नोकरी सोडायची, नाहीतर नवरा. प्रकृतीचं कारण असेल तरच यादीतून नाव निघणार होतं, आणि मी तर चांगली धडधाकट. तपासणीला हैदराबादहून डॉक्टरसाहेब येणार होते. मी दत्तूकाकांपुढे जाऊन रडले.

"काऊन रडून राह्यल्या? आमी मेलो का?"

तपासणीच्या दिवशी साहेबांसमोर काकांनी माझी नाडी धरली आणि सुतकी चेहऱ्याने सांगितलं, "एकशे साठ." साहेबांना हसू आलं. "फिर से देखो." पुन्हा एकशे साठ. साहेबांनी सरळ घड्याळच मागून घेतलं. काका अदबीने म्हणाले, "साहब, किसी घड़ी में तीस ठोके गिनते, किसी में पंधरा. ये पंधरा की है."

किती ठोके मोजायचे ते तबकडीवर फ्रेंचमध्ये अक्षरी लिहिलं होतं, साहेबांच्या बापालाही वाचता येणार नव्हतं. त्यांनी पंधरा मोजले. निम्म्यातच काटा थांबवल्यावर नाडी दुप्पट दिसणारच. साहेब तडक उठले आणि आपली खुर्ची त्यांनी मला दिली. "बैठिए, बैठिए! इनको कहाँ भेज रहे हैं?" माझं नाव कटलं. वर जिने चढू नका असा सल्लाही मिळाला. इचोड्यात तेव्हा जिना होता कुठे!

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काका, नाडी लबाडी करत नाही ना?"

"नाडीनं कुठं केली? मोजणाऱ्यानं केली."

काकांना मूलबाळ नव्हतं. पुढे ते थकले तेव्हा शाळा सुटली की मी त्यांच्याकडे जायची. ते गेले त्याच्या आदल्या दुपारी त्यांनी उशाखालचं घड्याळ माझ्या हातात दिलं आणि मनगट पुढे केलं. मी तीस मोजले. काटा अडतीसवर थांबला. आता त्यांना आकडे दिसत नव्हते.

"किती?"

अडतीस कसं सांगू? मला हा माणूस बापासारखा होता.

"तीस काऊन मोजून राह्यल्या, बाई?" ते हळूच म्हणाले. "पंधराच मोजा ना."

मी पुन्हा कळ दाबली. पंधरा मोजले.

"शहात्तर, काका."

"मग! एकदम फिट हाय गडी," ते म्हणाले. "चहा टाका."